रिकामी खुंटी

१

व्हेटस्टोन हॉलो शाळेत आगीचा अलार्म वाजला तेव्हा आग कुठेच नव्हती. होता तो बर्फ, चांगला पोटऱ्यांपर्यंत, आणि त्यात जसे होते तसे येऊन उभे राहिलेले सगळेजण. अलार्म वाजला की कोट शोधत बसायचं नाही, हातातलं टाकून थेट मैदानावर यायचं, हा नियम. तो आम्हा पाहुण्यांनाही लागू. मी पातळशा स्वेटरमध्ये कुडकुडत होते आणि फेब्रुवारीत व्हरमाँटला यायला हो म्हटल्याबद्दल स्वतःलाच शिव्या घालत होते.

आम्ही चौघे मान्यता-पथकाचे. ज्या मुलांचं डोकं तल्लख, पण वाचायला बसलं की गाडी अडते, अशांच्या खासगी शाळा या भागात बऱ्याच आहेत. दर काही वर्षांनी तशाच दुसऱ्या शाळांतले शिक्षक येऊन राहतात, वर्गात बसतात, मुलांबरोबर जेवतात आणि अहवाल देतात. मान्यता गेली की आजूबाजूची गावं मुलं पाठवायचं बंद करतात आणि शाळेला कुलूप लागतं. मी स्वतः कनेक्टिकटला अशाच एका शाळेत गणित शिकवते.

आमची प्रमुख लॉर्ना पेटेंगिल. सत्तरी ओलांडलेली, उंच, आणि एका जागी पाच मिनिटं बसणं जिला जन्मात जमलं नाही अशी. मेनमधली एक शाळा तिने उभी केली नि चालवली. तिला स्वतःलाच डिस्लेक्सिया आहे. व्हेटस्टोनने आम्हाला पाठवलेलं जाडजूड बाड मी तिला गाडीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा तिलाच जास्त पाठ होतं. वाचायची पंचाईत, म्हणून बाई आयुष्यभर बघत आल्या, आणि बघितलेलं त्या विसरत नाहीत.

अशा शाळेत न सांगता अलार्म वाजवणं ही थट्टा नव्हे. सराव असला तर मुलांना आदल्या दिवशी सांगतात, सकाळी पुन्हा सांगतात. आज कोणी सांगितलं नव्हतं. एक मुलगी बर्फात फतकल मारून कान दाबून किंचाळत होती. दोघं कुंपणाकडे पळत सुटले होते, त्यांच्यामागे त्यांच्या बाई. मला वाईट वाटलं आणि ज्याने हे केलं त्याचा संताप आला.

तळ्याच्या बाजूला एक छोटा घोळका मात्र कोट घालून उभा होता. त्यातला एक दहाएक वर्षांचा मुलगा तर अगदी शांत. कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली, कानांवर आवाज अडवणारे मोठे निळे हेडफोन, त्यावर पिवळ्या बदकाचं स्टिकर. मला त्याच्या कोटाचा हेवा वाटला. त्यापलीकडे माझं डोकं चाललं नाही.

मुख्याध्यापक रॉयस हॅवरिल आमच्यापाशी आले. एवढ्या थंडीतही टाय जागच्या जागी.

"माफ करा. आग नाही. पश्चिमेच्या बोळात कोणीतरी लाल खटका ओढला," ते म्हणाले. "आणि कोणी, ते आम्हाला कळलंय. तिने कबूलही केलंय."

२

ती म्हणजे डेल्फीन बूशार, वय चौदा. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती आणि एक टाच सारखी जमिनीवर आपटत होती. गळ्यात दोरीला लाकडी बिल्ला. वर्गात जीव घुसमटला की हा बिल्ला घालून बोळातून एक फेरी मारून यायची तिला परवानगी होती. अलार्मनंतर ती त्या खटक्यापाशीच सापडली.

"गेल्या वर्षीही तिनेच ओढला होता," हॅवरिल म्हणाले. "तेव्हा माफ केलं. आता नाही. तिची आई निघालीय, सामान भरायला सांगितलंय."

"आज? लगेच?" मी विचारलं.

"शुभदा, माझ्याकडे बाकीची मुलंही आहेत."

ही तिची पाचवी शाळा. सहावी तिला घेणार नव्हती. अशा मुलांच्या कहाण्या त्यांच्याआधीच पुढच्या शाळेत पोचलेल्या असतात. आणि इथे ती वाचायला लागली होती. सकाळीच पहिल्या तासाला आम्ही तिचा धडा बघितला होता. ती एक अख्खं पान अडखळत, घाम पुसत, पण शेवटपर्यंत वाचून गेली होती. ती पोरगी आता दुपारी गाडीत बसून कायमची जाणार, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरेना.

"मला तिच्याशी बोलायचंय," लॉर्ना म्हणाली.

"शिस्तीचा प्रश्न तुमच्या तपासणीत येत नाही."

"अलार्म येतो की. सुरक्षितता, सातवा निकष. शुभाने मला वाचून दाखवलाय." आणि ती डेल्फीनशेजारी बाकावर टेकलीसुद्धा.

"काय झालं गं?"

डेल्फीनने समोरच्या भिंतीकडे बघितलं. "आधी मी बिल्ला घेतला. मग बोळात गेले. मग खटका ओढला. शेवटी तिथेच थांबले."

"का ओढलास?"

"कंटाळा आला होता. झालं?"

"पुन्हा एकदा सांग बरं. माझं लक्ष नव्हतं."

"आधी मी बिल्ला घेतला. मग बोळात गेले. मग..." तेच शब्द, तोच सूर. मी खाली बघितलं. मांडीवर तिचा अंगठा एकेका बोटाला टेकत चालला होता, वाक्याला एक बोट.

लॉर्ना उठली, मला दंडाला धरून दाराबाहेर घेऊन गेली आणि हॅवरिलना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पोरगी खोटं बोलतेय."

३

"कशावरून?" मी विचारलं. लॉर्ना चालत सुटली होती. तिच्याशी बोलायचं म्हणजे मागे धावावं लागतं.

"काल जेवताना तिने कुत्र्याची गोष्ट सांगितली. आठवते?"

आठवत होती. टोमॅटो सूप पुढ्यात, आणि डेल्फीन सांगत होती की कुत्रा बरा झाला, डॉक्टर चांगला होता, आणि गाडीखाली येण्याआधी त्याने आईचा बूट पळवला होता, म्हणून तर तो रस्त्यावर गेला. शेवट आधी, सुरुवात शेवटी, मधलं कुठेतरी मध्येच. आमच्या पुष्कळ मुलांचं असंच असतं. घटना घडते सरळ, बाहेर येताना उलटीसुलटी होते.

"खरं घडलेलं ती तसं सांगते," लॉर्ना म्हणाली. "आणि इथे बघ, आधी-मग-मग-शेवटी. बोटांवर वाक्यं बसवायला तिला शिकवलंय कोणीतरी, निबंधासाठी. हा तिने बसवलेला निबंध आहे."

"पण न केलेला गुन्हा कोण कबूल करेल?"

"ज्याने करणाऱ्याला बघितलं असेल तो. आता चल. ते कोटवाले कुठे गेले?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळी शाळा नियमाप्रमाणे जशी होती तशी बाहेर आली. मग तो एक घोळका कोट घालून कसा?

मुलं तळ्याकाठच्या जुन्या नावघरात, म्हणजे होड्या ठेवायच्या खोपटात, सापडली, बाकांवर बसून कोको पीत. त्यांच्याबरोबर खेळाचे सर गस थिबोडो, दार अडवून उभा राहावा असा गडी. हाताला बँडेज.

"ही मुलं आम्ही दोन दिवसांत बघितलीच नाहीत," लॉर्ना म्हणाली.

"स्कीइंगला गेली होती ना. सहल. लवकर परतलो."

"बरं." लॉर्ना मुलांच्या पायांकडे बघत होती. सगळ्यांच्या पायात वर्गातले कापडी बूट, मैदानापर्यंतचा बर्फ तेवढा लागलेला. "स्कीइंगला यातच गेला होतात?"

गसची मान खाली गेली. "मॅडम, मला नका विचारू. मला काल सकाळी सांगितलं, यांना इथे ठेव, मी ठेवलं. मला नाही आवडलं ते. बस."

"अलार्म झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"स्वयंपाकघरात. कोको आणायला."

"मग यांना कोट कोणी चढवले?"

"मुलांनीच घातले." हे म्हणताना तो बँडेजशी चाळा करत होता.

"हाताला काय झालं?"

"वेंडल चावला. काल त्याची टोपी काढायला गेलो तर. माझीच चूक, त्याच्या डोक्याला कोणी हात लावलेला त्याला खपत नाही. ओळखीचं माणूस लागतं."

वेंडल म्हणजे तो बदकवाला. कोपऱ्यात बसून तो पुढेमागे झुलत होता, हेडफोन अजून कानांवर. लॉर्ना त्याच्यापासून चार हात लांब उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम वळली.

"शुभा, ते बदक. ते बदक आपण आधी कुठे बघितलं?"

४

मी उत्तर देणार तोच बाहेर गाडीचा आवाज आला. निळी, चिखलाने माखलेली गाडी फाटकातून आत शिरत होती. डेल्फीनची आई आली होती.

"तिला थोपव," लॉर्ना म्हणाली. "चहा पाज, माझा गुडघा मोडला म्हणून सांग, काहीही कर. मी रॉयसकडे जाते."

आईला थोपवणं सोपं निघालं. ती बिचारी गाडीतून उतरतच नव्हती. स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती आणि म्हणाली, "या वेळी वाटलं होतं, जमलं म्हणून." मी तिला कसंबसं समजावून कॅफेटेरियात बसवलं, समोर गरम सफरचंदाचा रस ठेवला आणि धापा टाकत ऑफिसात पोचले. हॅवरिलांचा टाय प्रथमच वाकडा झालेला दिसला.

"हो, लपवली," ते म्हणत होते. "सहा-सात मुलं आहेत, ज्यांचं वाचन काही केल्या सरकत नाही. तुम्ही तीन दिवस बघणार, त्यात तुम्हाला हीच दिसली असती तर? मान्यता गेली असती. मग ती मुलंही रस्त्यावर आणि बाकीचीही. मी शाळा वाचवत होतो."

"रॉयस, वाचणारी मुलं काय, कुठेही बघायला मिळतात," लॉर्ना म्हणाली. "आम्ही या मुलांसाठी येतो. तुम्ही जे दाखवायला हवं तेच कडीकुलपात ठेवलंत."

"अलार्मचा याच्याशी काय संबंध?"

"अलार्म वाजला की झाडून सगळे मैदानावर येतात. लपवलेलेही. ज्याने ओढला त्याला तेच हवं होतं. म्हणून तुम्ही यातून सुटलात, कारण या अख्ख्या शाळेत ते नको असलेला माणूस तुम्ही एकटेच."

"कबुली दिलीय त्या मुलीने! विषय संपला."

"तुमच्यासाठी सोयीचा संपला. तिला गाडीत बसवायला अर्धा तास थांबा. नाहीतर मी अहवालात काय लिहवून घेईन ते शुभाला विचारा."

हॅवरिल थांबायला तयार झाले, फक्त अर्धा तास. बोळात आल्यावर लॉर्नाने माझ्याकडे बघितलं.

"आठवलं का?"

"आठवलं," मी म्हटलं, आणि ते आठवलं याचं मला वाईट वाटत होतं. "पिपच्या खोलीत."

५

फिलिपा स्टँडिश. सगळे तिला पिप म्हणतात. मान्यतेचं सगळं काम तिच्या अंगावर होतं. ते जाडजूड बाडही तिनेच लिहिलेलं. आदल्या दिवशी, सोमवारी, तिनेच आम्हाला शाळा फिरवून दाखवली होती. शाळा बुडाली तर सगळ्यात आधी तिच्या कष्टांवर पाणी, म्हणून तिच्याकडे माझा संशय फिरकलाच नव्हता.

सोमवारी ती म्हणाली होती, "ऑफिसचं काम आलं तरी दोन मुलांचा रोजचा एकेकट्याचा धडा मी सोडला नाही. एक डेल्फीन. दुसरा सहलीला गेलाय." तिच्या छोट्या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक डुगडुगणारी, एक झुलती. झुलत्या खुर्चीच्या वर खुंटी आणि खुंटीला निळे हेडफोन, पिवळं बदक. आज सकाळी डेल्फीनचा धडा बघताना ते तिथेच होते, माझ्या नाकासमोर.

"मला कालच खटकलं," चालता चालता लॉर्ना म्हणाली. "ज्या पोराला हेडफोनशिवाय निभत नाही, ते बसमधून सहलीला गेलं आणि हेडफोन खुंटीवर? सहल झालीच नव्हती. पण अलार्मचं मला नावघरात कळलं. अलार्मनंतर या खोलीतून तळ्यापर्यंत जाऊन, त्या पोराच्या कानांवर हेडफोन चढवून, सगळ्यांबरोबर मैदानावर यायला वेळच नव्हता. ते आधीच गेले होते. कोटही आधीच चढले होते. आणि वेंडल गसला चावतो. त्याच्या डोक्याला हात कोण लावू शकतं?"

"मग गस खोटं का बोलला?"

"डेल्फीन का बोलली? या शाळेत आज जो तो दुसऱ्यासाठी खोटं बोलतोय. रॉयस सोडून."

पिपच्या खोलीचं दार उघडं होतं. खुंटी रिकामी. पिप झुलत्या खुर्चीत बसली होती, पाय अजून ओले. आम्हाला बघून ती उठली नाही.

"हेडफोनवरून ना?" ती म्हणाली.

"हेडफोनवरून," लॉर्ना म्हणाली. "गस कोको आणायला गेला आणि तू नावघरात गेलीस. मुलांना कोट घातलेस, वेंडलचे कान झाकलेस. मग इकडे येऊन खटका ओढलास. कान झाकले नसतेस तर मला काही कळलं नसतं गं."

"नसते झाकले तर तो आठवडाभर झोपला नसता." पिपने ओठ आवळले. "बाकीच्या मुलांचे हाल झाले, मला दिसले. ती मुलगी बर्फात... ते माझ्यावरच आहे. पण मी दुसरं काय करणार होते? तुमच्या कानात येऊन सांगितलं असतं तर चुगलखोर मी, आणि रॉयसने शपथेवर नाही म्हटलं असतं. सहल म्हणून बाडात मीच लिहिलंय. अलार्म झाला की सगळे बाहेर येतात. तुम्ही बघाल एवढीच आशा होती."

"आम्ही बघितलं."

"मग उद्या तुमच्या निष्कर्षांचं वाचन झालं की मी स्वतः जाऊन सांगणार होते. कोणाचं नुकसान न होता."

लॉर्ना माझ्याकडे वळली. मला कळलं, बिचारीला माहीतच नव्हतं. अलार्मपासून ती मुलांना शांत करत फिरत होती आणि हॅवरिलांनी गाजावाजा होऊ दिला नव्हता.

"पिप," मी म्हटलं, "डेल्फीनने तुझा गुन्हा अंगावर घेतलाय. तिची आई कॅफेटेरियात बसलीय तिला न्यायला."

खुर्ची झुलायची थांबली. ओल्या मोज्यांनीच पिप बोळातून धावत सुटली, आणि लॉर्नासारखी लॉर्नासुद्धा मागे पडली.

६

ऑफिसात हॅवरिल, आई, दारात सामानाची पिशवी, आणि बाकावर डेल्फीन. पिप आत आली आणि एका दमात म्हणाली, "मी ओढला. ही नव्हती."

"पिप मिस!" डेल्फीन ओरडली. "काहीतरीच! मीच! आधी मी बिल्ला घेतला, मग..."

"बास," पिप म्हणाली. "बोटांवर नको."

लॉर्ना बाकावर बसली. "सांग बाळा. उलटंसुलटं सांग. मी पण तशीच सांगते."

डेल्फीनने आईकडे बघितलं, पिपकडे बघितलं. हात मांडीवर स्वस्थ पडले होते.

"तिने डोळे मिटले होते," ती म्हणाली. "ओढताना. म्हणून मी दिसलेच नाही. आणि वेंडल रडला नाही, मी मैदानावर बघितलं, मला तिकडे नेलं तेव्हा, तो हसत होता. बदक होतं तिच्या हातात, नाही, ते आधी, जाताना, येताना नव्हतं. मी तेव्हा फेरी मारत होते. आणि सकाळी ती रडत होती, माझ्या धड्याच्या आधी, म्हणाली सर्दी आहे. सर्दी नव्हती."

ती खरं बोलतेय हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं, हॅवरिलांनासुद्धा. अशा मुलांबरोबर आयुष्य काढलेल्यांना ते कळतंच.

"पण तू का घेतलंस अंगावर?" आईने विचारलं. तिचा आवाज फुटला होता.

"मला काय, काढतातच. तिला काढलं तर वेंडलला कोण शिकवणार? तो कोणालाच जवळ येऊ देत नाही."

पिप जमिनीवर बसली आणि तिने डेल्फीनच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. पिशवी दारातून उचलून आत कोणी ठेवली ते माझ्या लक्षात नाही. बहुतेक हॅवरिलांनीच.

डेल्फीन राहिली. पिपला मात्र त्याच संध्याकाळी घरी जायला सांगितलं. खोटा अलार्म हा गुन्हा आहे, त्यात हॅवरिलांची चूक काढता येईना, आणि लॉर्नानेही काढली नाही. मला मात्र त्यांचा राग आला तो आला. तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात सगळे शिक्षक जमले. रीत अशी, की प्रमुखाने पथकाचे निष्कर्ष वाचायचे, कोणी प्रश्न विचारायचा नाही, आणि वाचून झालं की पथकाने कोणाशी न बोलता थेट गाड्यांकडे जायचं. मान्यतेचा निर्णय वरची समिती घेते, आम्ही नुसती शिफारस करतो. मुख्याध्यापक नकोत असं थेट लिहिता येत नाही, पण न लिहिता लिहिण्याच्या पुष्कळ तऱ्हा असतात. मुलं लपवली हे मात्र सरळ लिहिलं. वाचलं मी, कारण लॉर्ना चारचौघांत वाचत नाही.

मी कागद मिटला तशी ती उठली. हे रीतीत नव्हतं.

"एक प्रशंसा लिहायची राहिली," ती म्हणाली. "या शाळेत एका शिक्षिकेने काल चूक केली. ती करायला जाताना तिला आधी आठवलं ते एका पोराचे कान. आपण पकडले जाऊ याची तिला आठवण झाली नाही. असं शिकवणारी माणसं जी शाळा तयार करते, ती चालली पाहिजे. आणि ही मुलं आम्हाला पुढच्या वेळी पहिल्या दिवशी भेटली पाहिजेत, पुढच्या रांगेत. संपलं."

गस मागे उभा होता. तो नाक शिंकरत होता, सर्दी असल्यासारखा.

आम्ही निघालो. पश्चिमेच्या बोळात डेल्फीन फेरी मारत होती, गळ्यात बिल्ला. बोलायचं नाही हा नियम. आम्ही मान हलवून पुढे गेलो, तशी ती मागून म्हणाली, "दिले घालू."

लॉर्ना थांबली. नियम गेला खड्ड्यात. "काय दिलं?"

"हेडफोन. वेंडलने. मला. त्याच्या कानांवर." डेल्फीन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "सकाळी जेवणाच्या घंटेआधी मी गेले होते, नाही, घंटा नंतर झाली. आधी तो चावला. मग नाही चावला. पिप मिसला सांगाल?"

"सांगेन," लॉर्ना म्हणाली, आणि गाडीत बसल्या बसल्या तिने मला बाडातून पिपचा नंबर वाचायला लावला.